पातं, पट्टा आणि घाटघरचा पाऊस

विळ्यानं गवत कापताना डाव्या हाताची मूठ गवतावर घट्ट बसलेली असते. मूठ सुटली की कितीही धारेचा विळा असो, गवत वाकतं आणि निसटतं. काडी हलकी असते, लवचीक असते आणि तिला मागून कशाचाच आधार नसतो. लॉन कापायच्या यंत्राला मात्र हात नसतात. ते गवत कुठेही धरून ठेवत नाही. त्याच्या पात्याची धार तर भाजीच्या सुरीइतकीही नसते. तरीही ते फिरत गेलं की मागे सपाट, एकसारखी हिरवळ उरते. हे कसं घडतं?

हे कोडं सुटलं की यंत्राच्या खरेदीतला निम्मा गोंधळ संपतो. हल्ली बाजारात ‘सेल्फ प्रोपेल्ड’ म्हणजे स्वतःच्या चाकांवर पुढे जाणारी, माणसानं फक्त दिशा द्यावी अशी गवतकापणी यंत्रं बरीच आली आहेत. पुण्यातल्या सोसायट्या ती घेतात, नारायणगाव-मंचर पट्ट्यातली लग्नाची लॉन्स घेतात आणि आता सह्याद्रीच्या माथ्यावर राहण्या-जेवणाची सोय करणारी घरंही त्यांची चौकशी करू लागली आहेत. विचारणारा बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतो: किंमत किती आणि किती हॉर्सपॉवरचं? टिकाऊपणाचा या दोन आकड्यांशी संबंध फार थोडा आहे. प्रत्येक यंत्र कुठे ना कुठे झिजतंच. टिकाऊ यंत्रात ही झीज स्वस्त, बदलता येण्याजोग्या आणि तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या भागावर येते. म्हणून इंजिनाची ताकद पात्यापर्यंत आणि चाकापर्यंत कोणत्या वाटेनं जाते, आणि त्या वाटेवर पहिल्यांदा काय मोडणार आहे, हे आधी पाहावं लागतं.

धार कमी, वेग जास्त

आधार नसलेली काडी तोडायची असेल तर ती वाकण्याआधीच तोडली पाहिजे. प्रत्येक वस्तूला जागचं हलायला थोडा वेळ लागतो, काडीलाही लागतो. पातं त्याहून लवकर आरपार गेलं तर काडीचं स्वतःचं जडत्वच तिचा आधार बनतं. फिरत्या पात्याचं, म्हणजे रोटरी पद्धतीचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. ४६ सेंटिमीटर लांबीचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे ७२ मीटर, म्हणजे ताशी २६० किलोमीटर वेगानं फिरत असतं. खांद्याला अडकवायच्या ब्रश कटरचं २५ सेंटिमीटरचं पातं मिनिटाला ७,००० फेऱ्यांनी फिरलं तर टोकाचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो.

या पात्याची मागची कड किंचित वर वळवलेली असते. ती पंख्याचं काम करते. खालून हवा वर ओढली जाते, आडवं झालेलं गवत उभं राहतं आणि कापलेले तुकडे हवेच्या झोताबरोबर पिशवीत जाऊन पडतात.

गवतकापणीच्या यंत्राची सुरुवात मात्र वेगळ्या पद्धतीनं झाली. इंग्लंडमधल्या स्ट्राउड परिसरातले एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये पहिल्या लॉनमोवरचं पेटंट घेतलं. तिथल्या कापड गिरण्यांत लोकरी कापडावरचा उभा राहिलेला तंतू कातरून कापड गुळगुळीत करणारं यंत्र होतं, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. सर्पिल पाती बसवलेला रूळ फिरतो, खाली एक स्थिर पट्टी असते आणि गवत या दोघांच्या कात्रीत सापडतं. याला रील पद्धत म्हणतात. काप अतिशय स्वच्छ येतो, म्हणून क्रिकेटच्या मैदानांवर आणि गोल्फच्या हिरवळीवर आजही हीच यंत्रं चालतात. पण पातं आणि पट्टी यांच्यातलं अंतर कागदाच्या जाडीइतकं असतं. त्यात एक खडा अडकला तरी काम बिघडतं.

तिसरी पद्धत कातरपट्टीची. न्हाव्याच्या केस कापायच्या मशीनमध्ये दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते, तशीच इथे त्रिकोणी पात्यांची रांग स्थिर बोटांमधून सरकत राहते. गवताला बोटांचा आधार मिळतो, त्यामुळे प्रचंड वेगाची गरज उरत नाही. उंच गवत आणि भात याच पद्धतीनं कापलं जातं, कारण काडी तुकडे न होता अखंड राहते आणि पेंढी बांधता येते.

जागा पाहून यंत्र

घाटघर हे जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकावरचं गाव. एका बाजूला जीवधन, जवळच नाणेघाट, जिथे सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख आणि दगडी रांजण पाहायला लोक येतात. (घाटघर नावाचं दुसरं गाव अकोले तालुक्यात आहे, विजेच्या प्रकल्पामुळे ते जास्त ठाऊक आहे. इथे जुन्नरचं घाटघर अभिप्रेत आहे.) अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणातून थेट या कड्यावर चढतात आणि तिथेच रिते होतात. त्यामुळे घाटघर पावसाळ्यात धुक्यात बुडालेलं असतं, आणि त्याच तालुक्यातल्या पूर्वेच्या आळे-बेल्हे भागात शेतकरी आभाळाकडे पाहत असतो. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातही असंच आहे: भीमाशंकरच्या बाजूला मुसळधार, मंचरच्या बाजूला बेताचा पाऊस. यंत्राच्या दृष्टीनं हे दोन वेगळे प्रदेश आहेत. पश्चिमेला यंत्र ओलाव्यानं मरतं, पूर्वेला धुळीनं.

घाटघरच्या शिवारात गवत तरी एका प्रकारचं कुठे आहे? अंगणात, शाळेच्या पटांगणात हरळी पसरलेली असते. तिचा वाढणारा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून वरून कितीही वेळा कापली तरी ती पुन्हा फुटते. शेतात शेतकरी तिच्या मुळांशी झगडतो आणि लॉनवर तीच हवीहवीशी होते. माळावर मारवेल, कुसळी यांसारखी उंच गवतं असतात. कुसळीचं बी धरलं की त्याची अणकुचीदार कुसळं जनावराच्या तोंडाला आणि माणसाच्या कपड्यांना टोचतात, म्हणून ती फुलोऱ्याच्या सुमारास कापलेली चांगली. हे गवत वाळवून त्याच्या पेंढ्या, भारे बांधले जातात, घराशेजारी गंज रचली जाते. तिसरं गवत म्हणजे भात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं तेही गवतच.

लॉनमोवर फक्त पहिल्यासाठी आहे. एका कापणीत गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नये, असा हिरवळ राखणाऱ्यांचा नियम आहे, कारण उरलेल्या हिरव्या भागावरच गवताला पुढची वाढ करायची असते. गुडघ्याएवढ्या कुसळीत लॉनमोवर घातला तर गवत पात्याखाली दाबलं जातं, धुऱ्याभोवती गुंडाळलं जातं, इंजिन दम टाकतं आणि पट्टा जळतो. हा दोष यंत्राचा नसतो. अशा माळासाठी कातरपट्टीचं यंत्र किंवा ब्रश कटर हवा.

गवत वरून मऊ दिसतं, तरी त्याच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. भाताच्या वाळलेल्या पेंढ्यात तर वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास सिलिका असू शकते. त्यात मुळाशी चिकटलेल्या मातीची भर पडते. पातं बोथट होतं ते बहुतांशी यामुळे. पूर्वेकडच्या धुळीच्या भागात आणखी एक प्रकार दिसतो. पात्याची वर वळलेली कड वाळू आणि माती सतत वर ओढत राहते, आणि त्या घर्षणानं कड पातळ होत होत तिथे चिरेसारखी फट पडते. अशा पात्याचा तुकडा तुटून उडू शकतो, म्हणून धार शाबूत दिसली तरी ते फेकून द्यावं.

दगड लागला तर

सह्याद्रीचा माथा बेसाल्टचा. माती पातळ, खाली कातळ आणि वर विखुरलेले धोंडे. ताशी २६० किलोमीटर वेगानं फिरणारं पातं लपलेल्या दगडावर आदळलं तर तो धक्का कुठे जातो?

स्वस्त लॉनमोवरमध्ये पातं थेट इंजिनाच्या उभ्या दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला जोडलेलं असतं. धक्का सरळ दांड्यात जातो. दांडा केसभर जरी वाकला तरी यंत्र थरथरू लागतं, बेअरिंग आणि ऑइल सील खराब होतात आणि दुरुस्तीचा खर्च नव्या इंजिनाच्या जवळ पोहोचतो. हा धक्का अडवण्यासाठी पात्याच्या बैठकीत किंवा फ्लायव्हीलमध्ये मऊ धातूची एक छोटी चावी बसवतात. धक्का बसला की ती कापली जाते आणि दांडा वाचण्याची शक्यता वाढते. ही चावी कमी किमतीची असते. ती आपल्या यंत्रात कुठे आहे आणि सुटी मिळते का, हे विकत घेण्याआधी विचारायलाच हवं.

दगडाळ जागेसाठी आणखी चांगली रचना म्हणजे झुलती पाती. गोल तबकडीच्या कडेला लहान पाती एकेका बोल्टवर मोकळी लटकवलेली असतात. तबकडी फिरली की ती बाहेर ताठ उभी राहतात. दगड लागला की मागे दुमडतात. पातं खराब होईल, पण दांड्यावर येणारा धक्का बराच कमी होतो. हमरस्त्याच्या कडा साफ करणाऱ्या आणि फळबागांत चालणाऱ्या यंत्रांत ही योजना असते. घाटघरसारख्या ठिकाणी अंगणाबाहेर यंत्र न्यायचं असेल तर लांब अखंड पात्यापेक्षा हीच बरी.

पात्याचं पोलाद फार कडक असणंही चांगलं नाही. अतिकडक पोलाद धार टिकवतं, मात्र दगडावर काचेसारखं फुटतं आणि तुकडे उडतात. चांगल्या पात्याला वाकण्याइतपत चिवटपणा दिलेला असतो. धार लावताना एक बाजू जास्त घासली गेली की पात्याचा तोल जातो, आणि असमतोल पातं काही तासांत बेअरिंगची वाट लावतं. धार लावल्यावर पातं मधल्या छिद्रातून भिंतीतल्या खिळ्यावर टांगावं. एक बाजू खाली गेली तर तिथलं थोडं पोलाद आणखी काढावं. एवढ्या साध्या तपासणीनं यंत्राचं आयुष्य वाढतं आणि ती बहुतेक ठिकाणी होतच नाही.

उडालेला दगड हा वेगळाच विषय आहे. ब्रश कटरच्या माहितीपुस्तिकांत आसपास १५ मीटरपर्यंत कुणी नसावं असं लिहिलेलं असतं. गावात यंत्र सुरू झालं की पोरं जवळ येऊन उभी राहतात. तेव्हा हा आकडा आठवायला हवा.

चाकांची ताकद आणि चढाची मर्यादा

आता यंत्र पुढे कसं सरकतं ते पाहू. इंजिनाच्या दांड्यावर पात्याच्या वर एक पुली असते. तिच्यावरून पट्टा मागच्या किंवा पुढच्या आसावरच्या लहान गिअरबॉक्सकडे जातो. मुठीजवळचा दांडा दाबला की पट्टा ताणला जातो आणि चाकं फिरू लागतात. सोडला की पट्टा सैल पडतो आणि यंत्र थांबतं. वेग माणसाच्या चालीइतका, ताशी तीन ते पाच किलोमीटर.

पट्टा घसरतो, झिजतो, तुटतो, आणि तो तुटण्यासाठीच आहे असं म्हटलं तरी चालेल. चाक खड्ड्यात अडकलं तर पट्टा घसरतो आणि गिअरचे दात वाचतात. खरी अडचण असते पुढच्या टप्प्यावर. अनेक यंत्रांत चाकाच्या आतल्या बाजूला दाते असतात आणि एक लहान दातेरी चक्र त्यांना फिरवतं. हे दाते प्लॅस्टिकचे आणि उघडे असतील तर ओलं गवत आणि कातळाची कच मिळून एखाद-दोन हंगामांत ते खाऊन टाकतात. चाक उलटं करून पाहावं. दाते धातूचे आहेत का, त्यांच्यावर धूळ अडवणारं झाकण आहे का, चाक बॉल बेअरिंगवर फिरतं की नुसत्या प्लॅस्टिकच्या नळीवर, हे डोळ्यांनी दिसतं.

पुढच्या चाकांना ताकद देणारी यंत्रं सपाट लॉनवर वळवायला सोपी असतात, कारण मूठ खाली दाबली की पुढची चाकं उचलली जातात आणि यंत्र थांबतं. चढावर हाच गुण अंगाशी येतो. चढ चढताना वजन मागच्या चाकांवर जातं, मागे लावलेली पिशवी भरत गेली की आणखी जातं, आणि पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. उतारावरच्या जागेसाठी मागच्या चाकांची ओढ असलेलंच यंत्र घ्यावं. शिवनेरीच्या वाटेवरच्या बागांसारखी टप्प्याटप्प्याची जागा असेल तरी हाच निकष.

आणि चढ किती? मागून चालवायच्या लॉनमोवरसाठी बहुतेक उत्पादक १५ ते २० अंशांची मर्यादा सांगतात. १५ अंश म्हणजे आडव्या १० मीटर अंतरात साधारण पावणेतीन मीटर उंची. ही मर्यादा फक्त पाय घसरण्याच्या भीतीनं घातलेली नसते. चार-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेल साठलेलं असतं आणि अनेक लहान इंजिनांत एक छोटा चमचा दर फेऱ्याला त्यात बुडून तेल सगळीकडे शिंपडतो. यंत्र बराच वेळ तिरपं चाललं तर तेल एका बाजूला जमतं, चमचा कोरडा फिरतो, आणि बाहेरून सगळं ठीक दिसत असताना आत धातूवर धातू घासत राहतो. तेलाची पातळी थोडी कमी असेल तर हे आणखी लवकर होतं.

दोन-स्ट्रोक ब्रश कटरला ही अडचण नाही. त्याचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि त्याचा कार्बोरेटर पडद्याच्या दाबावर चालतो, म्हणून तो कसाही तिरपा धरला तरी चालतो. बांधाच्या उभ्या कडेसाठी तोच योग्य. मात्र मिश्रण बिनचूक हवं. ५० ला १ असं लिहिलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर तेल, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. ‘अंदाजे झाकणभर’ या मापानं कितीतरी पिस्टन जाम झाले आहेत.

उतारावर मागून चालवायचं यंत्र नेहमी आडवं, बांधाला समांतर चालवावं. वर-खाली चालवताना पाय घसरला तर माणूस यंत्राखाली किंवा यंत्र माणसावर येतं.

> चौकट : दुकानात यंत्र पाहताना
>
> मूठ सोडल्यावर इंजिन किंवा पातं काही सेकंदांत थांबलं पाहिजे, हे चालवून पाहावं. चाकांचे दाते, बेअरिंग आणि आसावरची झाकणं उलटं करून तपासावीत. एअर फिल्टर हातानं, अवजारांशिवाय निघतो का ते बघावं. धुळीच्या भागात नुसत्या स्पंजपेक्षा कागदी फिल्टरवर स्पंजचं आवरण असलेला चांगला. इंजिनाच्या सिलिंडरला बिडाची नळी आहे का, आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ते चालवायला उत्पादकाची लेखी परवानगी आहे का, हे विचारावं. पातं, पट्टा, चावी आणि फिल्टर यांचा एकेक जादा नग त्याच वेळी विकत घ्यावा.

हॉर्सपॉवरचा मोह

अश्वशक्ती म्हणजे पिळाचा जोर गुणिले फेऱ्यांचा वेग. इंजिन भरधाव फिरवलं की आकडा मोठा दिसतो. दाट, ओल्या गवतात पातं अडखळू लागतं तेव्हा मात्र उपयोगी पडतो तो पिळाचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात. अमेरिकेत लॉनमोवरच्या अश्वशक्तीचे आकडे फुगवून छापल्याबद्दल ग्राहकांनी खटले भरले आणि २०१० मध्ये त्यांत तडजोड झाली. आता पुष्कळ यंत्रांवर अश्वशक्तीऐवजी टॉर्क किंवा इंजिनाचं घनफळ सीसीमध्ये छापलेलं दिसतं. दोन यंत्रांची तुलना करायची तर या आकड्यांची करावी, आणि तेही सारख्याच रुंदीच्या कापणीसाठी. रुंदी वाढली की तितकंच इंजिन जास्त गवताशी झुंजतं.

चार महिन्यांचा ओलावा

घाटघरचा खरा परीक्षक पाऊस. जून ते सप्टेंबर हवेत इतकी आर्द्रता असते की घरातल्या पत्र्याच्या डब्यालाही गंज चढतो. लॉनमोवरचं पात्यावरचं घुमट, ज्याला डेक म्हणतात, तीन प्रकारांत मिळतं. दाबलेल्या पोलादाचं डेक स्वस्त आणि दगडाला भिडणारं असतं, पण रंग खरवडला गेला की गंजतं. ओतीव अॅल्युमिनियम तांबेरत नाही, परंतु मोठ्या धक्क्यानं तडकू शकतं. जाड प्लॅस्टिकचं डेक दोन्हीतून सुटतं, ऊन आणि झीज मात्र त्याला खातात. खडक कमी आणि पाऊस जास्त अशा अंगणासाठी अॅल्युमिनियम सगळ्यात बरं. पोलादी घेतलं तर कापणीनंतर दर वेळी आतला ओल्या गवताचा थर खरवडून काढणं भाग आहे. तो थर पोलादाला चिकटून ओलावा धरून ठेवतो, कुजताना आम्ल सोडतो, आणि रंगाखालून गंज सरकत जातो.

पेट्रोलचं दुखणं त्याहून नवं आहे. उसापासून आणि धान्यापासून बनवलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचं प्रमाण वाढत वाढत २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर गेलं. नव्या मोटारी आणि दुचाकी त्यासाठी बदलल्या गेल्या. गवतकापणीच्या छोट्या इंजिनांचे कितीतरी उत्पादक मात्र आपल्या माहितीपुस्तिकांत १० टक्क्यांचीच मर्यादा लिहीत आले आहेत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. ओलसर कोठारात अर्धवट भरलेली टाकी महिनोन्महिने राहिली आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. चार-स्ट्रोक यंत्र मग सुरूच होत नाही आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रं गंजतात. दोन-स्ट्रोकमध्ये धोका जास्त. वंगणाचं तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि इंजिनाला खालचा बिनतेलाचा थर मिळतो.

उपाय सोपा आहे. यंत्र महिनाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करावी आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावं. पेट्रोल एका वेळी थोडंच आणावं. नव्या चार-स्ट्रोक यंत्राचं पहिलं तेल लवकर, माहितीपुस्तिकेप्रमाणे पहिल्या ५ ते २० तासांच्या आतच बदलावं, कारण नव्या भागांचा घासलेला धातू त्यात उतरलेला असतो. बॅटरीवरच्या यंत्रांत ही पेट्रोलची कटकटच नाही. लहान, सपाट अंगणाला ती उत्तम, पण दाट ओल्या गवतात बॅटरी झपाट्यानं उतरते.

भाताच्या खाचरात

घाटघरच्या लोकांना लॉनपेक्षा भात मोलाचा. मावळ, जुन्नर, आंबेगाव भागात लावला जाणारा इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आला. त्याची कापणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते, आणि सगळ्या गावाचं भात एकदमच तयार होत असल्यानं माणसं मिळत नाहीत. इथे स्वतः चालणारं भात कापणी यंत्र, म्हणजे रीपर, मदतीला येतं. समोरची कातरपट्टी भात कापते, साखळीवरची बोटं उभ्या काड्या तशाच एका बाजूला नेतात आणि ओळीत आडव्या टाकतात. मागून चालणाऱ्यानं फक्त दिशा सांभाळायची.

टिकाऊपणाच्या बाबतीत हे यंत्र लॉनमोवरच्या वरचढ आहे. कातरपट्टीवरचं प्रत्येक त्रिकोणी पातं स्वतंत्र रिव्हेटनं बसवलेलं असतं. दगडानं एक मोडलं तर तेवढंच काढून नवं बसवता येतं. पाती हळू चालत असल्यानं धक्काही कमी.

मर्यादा दुसरीकडे आहेत. सव्वा मीटर रुंदीचा रीपर ताशी अडीच किलोमीटर वेगानं चालला तर हिशेबानं तासाला सुमारे ३,१०० चौरस मीटर भात कापला पाहिजे. वळणं, थांबे धरून मोठ्या शेतात एकराला दोन तास पुरतात. घाटघरचं खाचर दोन-तीन गुंठ्यांचं. २०० चौरस मीटरच्या तुकड्यात निम्मा वेळ वळण्यात जातो, आणि शंभर किलोच्या घरातलं यंत्र दर बांधावरून उचलून खाली उतरवावं लागतं. शिवाय आंबेमोहरासारखे उंच वाण परतीच्या पावसात लोळतात आणि लोळलेला भात रीपरला नीट उचलता येत नाही. तिथे विळाच लागतो. म्हणून या भागात एका कुटुंबानं मोठा रीपर विकत घेण्यापेक्षा सपाट, सलग खाचरांसाठी तो भाड्यानं आणावा आणि बांधांसाठी, लोळलेल्या तुकड्यांसाठी हलकी साधनं घरची ठेवावीत.

कागद वाचून खरेदी

केंद्र सरकारचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून चालू आहे. महाराष्ट्रात त्याचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती आणि जमातींच्या शेतकऱ्यांना ठरवलेल्या कमाल मर्यादेत किमतीच्या ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान मिळतं. घाटघर परिसरात बहुसंख्य शेतकरी महादेव कोळी समाजाचे आणि छोट्या जमिनीचे असल्यानं वरचा दर त्यांना लागू होतो. गटानं अवजारे बँक उभारून यंत्र भाड्यानं देण्याचीही तरतूद या योजनेत आहे.

या योजनेचा एक फायदा अनुदानाइतकाच मोठा आहे आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. अनुदानपात्र यंत्राची सरकारमान्य संस्थेत चाचणी झालेली असावी लागते. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे १९५५ पासून केंद्र सरकारची अशी संस्था आहे. चाचणीत यंत्र प्रत्यक्ष चालवलं जातं. इंधन किती लागलं, मुठीला कंपन किती आलं, आवाज किती झाला, पात्याच्या पोलादाचा कडकपणा किती, काम करताना काय मोडलं, हे अहवालात नोंदलेलं असतं. विक्रेत्याकडे हा अहवाल मागता येतो. इंग्रजीतल्या तक्त्यांना घाबरू नये. कंपन आणि मोडतोड ही दोन पानं वाचली तरी पुरे. अडलं तर नारायणगावच्या ग्रामोन्नती मंडळाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल.

सुट्या भागांचं उत्तर मात्र कोणत्याही अहवालात मिळत नाही. ते यंत्र उघडूनच पाहावं लागतं. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला आकडा वाचावा. ६२०३ असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलिमीटर. हे माप जगभर एकच आहे, छोट्या विद्युत मोटरींतही तेच बेअरिंग बसतं आणि कोणत्याही कंपनीचं घेतलं तरी चालतं. पट्ट्यावर ‘ए’ हे अक्षर आणि पुढे आकडा असेल तर तोही प्रमाण मापाचा, पिठाच्या गिरणीचे पट्टे विकणाऱ्या दुकानात मिळण्याजोगा. बेअरिंगवर आणि पट्ट्यावर फक्त कंपनीचा स्वतःचा भाग क्रमांक असेल, तर तो भाग नारायणगावात किंवा जुन्नरला कुणाकडे आणि किती दिवसांत मिळतो, हे पैसे देण्याआधी त्या दुकानात फोन करून विचारावं.